पोचल्याचा निरोप

मार्चचा पहिला रविवार, दुपार. हजर: मी, सात रस्ता चौकातल्या मोबाइल दुकानाचा मालक आणि बंद पडलेला फोन घेऊन मंद्रूपहून आलेली एक बाई. तिची लेक पहिल्या नोकरीसाठी सकाळीच बेंगळुरूला पोचणार होती.

मालकाचं अर्धं लक्ष दुरुस्तीत, अर्धं टीव्हीवर. एका खासगी कंपनीचं यान चंद्रावर उतरत होतं.

"मावशी, आत माणूस नाही. सगळं यंत्रच करतंय."

"मग निघताना हातावर दही कुणाच्या ठिवलं?" बाई हसली. पदराचं टोक मात्र बोटाला गुंडाळत राहिली.

उतरायची वेळ होऊन गेली, तरी पडद्यावरचे लोक गप्पच.

"आता का गप हायत?"

"उतरलं असेल. तिथून निरोप यायचाय."

"व्हय की. पोचल्यालं कळंस्तवर घास उतरत न्हाय," ती म्हणाली.

निरोप आला, टाळ्या वाजल्या. तिनं तिकडं पाहिलंच नाही. मालकाच्या हातातला तिचा फोन उजळला होता, आणि लगेच वाजला.

"पोचलीस?" एवढंच विचारून ती स्टुलावर बसली.

मी सकाळीच श्रीपूरहून आले होते. बाजाराची सगळी कामं उरकली होती. आईला पोचल्याचा फोन तेवढा करायचा राहिला होता.