पाटासमोरचा फोन

सन दोन हजार चोवीस. मला बाहत्तरावं चालू होतं आणि माझ्या थोरल्या बहिणीला शहात्तरावं. तिला मी बाय म्हणतो. ती डोंबिवलीला लेकीकडे असते. गणपतीनंतर न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर धरून रोज उभं राहायचं. पण बायने पलंग धरला तो धरलाच. पाय टेकला की पुन्हा मोडेल, ही तिची भीती. भाची फोनवर रडकुंडीला आली. "मामा, अशीच पडून राहिली तर पुढं उभीच राहायची नाय, डॉक्टर बोलले."

मी जाऊन तिला उठवलं असतं. मी हट्टी आहे आणि बायला ते ठाऊक आहे. पण माझंच हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, लांबचा प्रवास बंद. आमचं गाव पोलादपूरच्या वर. महाडपर्यंत एसटीने जायची तेवढी परवानगी होती.

दिवाळी जवळ आली तसं माझ्या मनात आलं. बायने मला जन्मात कधी बसून ओवाळलेलं नाही. एका भाऊबिजेला तिला सणकून ताप होता. मी म्हटलं, बसून ओवाळ. तर म्हणाली, "बसून ओवाळायला मी काय पावणी हाय?" म्हणजे व्हिडिओ कॉलवर मी पाटावर बसलेला तिला अख्खा दिसलो, मागे आमची भिंत, पुढे रांगोळी, तर ती उभी राहणार. राहणारच. हे मी बायकोलासुद्धा बोललो नाही.

अडचण एकच. आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही, फोन करायचा तर रस्त्याच्या वळणावर जावं लागतं. नेट येतं ते वायरीने, संगणकात. हा संगणक म्हणजे पुतण्याने टाकायला काढलेला डबा. महाडला स्टँडजवळ संगणक दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी त्यात लिनक्स घालून दिलं. ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्राला झेपतं. मी त्यावर हवामान बघतो. पण त्याला कॅमेरा नाही.

त्या बाई म्हणाल्या, "काका, नवा कॅमेरा कशाला? तुमचा फोनच कॅमेरा होईल. वायरीने जोडायचा." फोनमध्ये काहीतरी चालू केलं आणि वहीच्या कागदावर दोन ओळी इंग्रजीत लिहून दिल्या. पहिल्या ओळीने संगणकात एक खोटा कॅमेरा उभा राहतो, दुसरीने फोनमधलं चित्र त्या खोट्या कॅमेऱ्यात येऊन पडतं. संगणकाला वाटतं, खराच कॅमेरा लागला. "संगणक बंद केला की खोटा कॅमेरा जातो. परत चालू केल्यावर दोन्ही ओळी परत टाकायच्या. मी येऊन लावून देऊ का?"

"मी चौथी पास हाय, बाई," मी म्हटलं. "लावतो मी."

चौथी पास म्हणजे इंग्रजी काहीच नाही. ती अक्षरं मी चित्रासारखी बघतो, तसंच चित्र बटणावर शोधतो आणि एका बोटाने दाबतो. पहिल्या दिवशी संगणकाला फोन दिसेचना. माझी वायर बाजारातली, नुसती चार्जिंगची निघाली. तिच्यातून वीज जाते, चित्र जात नाही. परत महाड, परत एसटी, नवी वायर. मग पासवर्ड. बटणं दाबतोय, दाबतोय, पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. मला वाटलं कीबोर्ड मेला. उलटा करून आपटला तर त्यातून भाताचे दोन दाणे पडले. वळणावर जाऊन बाईंना फोन लावला.

"ते दिसत नाही, काका. मुद्दाम. मागून कोणी बघू नये म्हणून. तसंच टाका आणि एंटर दाबा."

आमच्या घरात मागून बघायला एक बायको. ती भाकऱ्या थापत होती.

पाडव्याला चित्र आलं. भिंत, खुंटी, खुंटीवरचं माझं उपरणं, सगळं स्वच्छ. बायको हातातलं पीठ तसंच घेऊन समोर येऊन उभी राहिली. "अहो, मी दिसतेय."

"दिसणारच. मी लावलाय."

सण होता, नवं काम हाती आलं होतं. मी सगळं बंद करून कोयत्याशेजारी संगणकाची आणि फोनची पूजा केली, हळद-कुंकू, अक्षता. माझ्या हाताने.

भाऊबिजेला पाट मांडला, रांगोळी काढली. समोर स्टुलावर भात मोजायची पायली उपडी घालून तिला फोन सुतळीने बांधला. दोन्ही ओळी टाकल्या. भाची संगणकावर आली, मागे पलंगावर बाय उशीला टेकून. मी पाटावर जाऊन बसलो.

"रे, कुठं हायस?" बाय म्हणाली.

"पाटावर."

"नुसतं लाल दिसतंय. होळीत बसलास काय?"

मी उठून बघितलं. खरंच, पडदाभर लाल धुरकट. कालचं चित्र आरशासारखं होतं. मी सगळं बंद केलं, पुन्हा ओळी टाकल्या, वायर काढून घातली. लालच. घाम फुटला. तिकडे भाचीने निरांजन लावून ठेवलेलं, वात जळत होती.

"ऱ्हाऊ दे," बाय म्हणाली. "तोंड दिसत नाय, ओवाळू कोणाला? पुढच्या साली बघू." आणि ती भिंतीकडे वळायला लागली.

"थांब गो जरा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

बायको इतका वेळ मागे उभी होती. ती वाकून पायलीजवळ गेली. "अहो, पाडव्याचं कुंकू पुसलंत काय?"

फोनचा डोळा त्याच्या पाठीवर, वरच्या अंगाला. मी बरोबर तिथेच ठसठशीत बोट टेकलं होतं. उपरण्याचं टोक ओलं करून काच पुसली. बायको हसली नाही, हे तिचे उपकार.

पाटावर बसलो. तिकडे बायने उशीवरून मान पुढे काढली.

"बारीक झालास रे."

"ओवाळ आता. पाय आखडले माझे."

भाची ताट घेऊन पुढे झाली. "आई, बसूनच धर, मी हात लावते."

"बसून ओवाळायला मी काय पावणी हाय? तो वॉकर आण."

एका हातात वॉकर, एका हातात ताट, कमरेला भाचीचा हात. ती उठली तसं तिचं तोंड पडद्याच्या वर निघून गेलं. मला दिसल्या त्या फक्त पातळाच्या निऱ्या आणि फिरणारं ताट. ताट थरथरत होतं, पण तीनदा पुरं फिरलं. वरून आवाज आला, "टिळा तू लाव गो, माझ्या नावचा." बायकोने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. या वेळी जागेवर.

बाय खाली बसली तेव्हा धापा टाकत होती आणि हसत होती. "ओवाळणी काय घालतोस?"

"उद्या सकाळी परत पाटावर बसतो."

"उद्या कसली भाऊबीज?"

"तू उभी ऱ्हा. मी बघतो."

"येडा हायस," ती म्हणाली. नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी संगणक लावला, कागद न बघता दोन्ही ओळी टाकल्या, फोनची काच उपरण्याने दोनदा पुसली आणि पाट मांडून बसलो.