नकार कळवणारा माणूस

माझ्या जुन्या रूममेटइतका अपमान अख्ख्या दक्षिण गोलार्धात दुसऱ्या कुणाचा झाला नसेल, आणि त्यातला निम्मा अपमान तर त्याने स्वतःहून नाव नोंदवून, फोटो चिकटवून, अटी मान्य करून ओढवून घेतलेला आहे. आम्ही दोघे शिकायला म्हणून मेलबर्नला आलो तेव्हा डँडेनॉन्गला एका खोलीत राहायचो. राग तेव्हाही त्याच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. खोलीतला नळ गळतो म्हणून त्याने घरमालकाला तीन पानी पत्र लिहिलं होतं, आणि मालकाने उत्तर न देता नुसता नळच दुरुस्त करून टाकला, म्हणून चौथं पान. पुढे मी लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला ट्रुगानिनाच्या नव्या वसाहतीत आलो, तो तिथेच राहिला आणि जवळच्या एका दह्याच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर झाला. माणूस आणि काम यांची अशी जोडी देवाने क्वचितच जमवली असेल. डब्याचं झाकण केसभर वाकडं दिसलं तरी तो सगळा लॉट परत पाठवतो, पण पाठवताना कारण लिहितो आणि खाली सही करतो. 'कारण न लिहिता रिजेक्ट करणं म्हणजे शिवी देणं,' असं तो नव्या लोकांना शिकवतो. त्याची बायको नऊ वर्षांपूर्वी गेली ती मात्र काही न सांगता गेली. भांडण नाही, चिठ्ठी नाही. इथे घटस्फोटाच्या अर्जातही कारण विचारत नाहीत, याचा त्याला आजतागायत संताप आहे.

करोनात घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी आली. त्याचा कारखाना चालू होता, पण शिफ्टवरून घरी आल्यावर चिडायला समोर कुणी नाही, ही त्याची खरी पंचाईत झाली. मग रोज संध्याकाळी मला फोन. शेजारचा माणूस मास्क हनुवटीला लावतो, सुपरमार्केटात लोकांनी टॉयलेट पेपर पळवला, पंतप्रधानांपासून पोस्टमनपर्यंत कुणालाच रीतभात नाही. खरं सांगायचं तर कधीकधी मी फोन नुसता वाजू द्यायचो. शेवटी माझी बायकोच त्याला म्हणाली, "भावजी, तुम्ही ॲपवर नाव घाला. आमच्यावर किती दिवस चिडणार?" तिला वाटलं, ब्याद टळेल. उलट चिडायला आणखी तीन ठिकाणं मिळाली.

पहिलं ॲप आपल्याकडच्या लग्नांचं. तिथे त्याने जन्मवेळेपासून मामाच्या गावापर्यंत सगळं भरलं. दोन दिवसांत पुण्याहून एका गृहस्थांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी याचे पिकलेले कल्ले पाहिले आणि अदबीने विचारलं, "बरं, मुलगा काय करतो?" "मुलगा मीच आहे!" असं हा इतक्या जोरात ओरडला की ते ॲप तिथेच संपलं. दुसरं ॲप खास पन्नाशीच्या पुढच्या लोकांसाठी होतं. त्यावर पहिल्याच पानावर अंत्यविधीच्या विम्याची जाहिरात. "मी बायको शोधायला आलोय, खांदेकरी नाही!" असं त्याने त्या कंपनीला कळवलं. तिसरं ॲप सगळ्यांसाठी होतं. तिथल्या बायका सहा फोटो लावायच्या आणि त्यातल्या पाचांत कुत्रा. याचं म्हणणं, "कुत्रा पास आहे रे, पण इन्स्पेक्शन नक्की कुणाचं करायचं?" माझ्या मुलीने त्याचा प्रोफाइल नीट करून द्यायचा प्रयत्न केला. "काका, जस्ट स्माइल!" ती सांगायची. हा म्हणायचा, हसण्यासारखं काय घडलंय ते आधी सांग. शेवटी कारखान्यातला, डोक्याला जाळी लावलेला फोटोच त्याने पसंत केला, आणि 'अपेक्षा' म्हणून एकच ओळ लिहिली: उत्तर देणारी असावी.

पण सगळ्यात मोठा संताप झाला तो डावीकडे सरकवण्याचा. नापसंत माणसाला बोटाने डावीकडे ढकलायचं आणि पुढे जायचं, ही कल्पनाच त्याला सहन होईना. "अरे, आपल्यात मुलगी बघून आले तर नकार कळवतात की नाही? 'पत्रिका जुळत नाही' म्हणतात. खोटं असेल, पण कळवतात! इथे माणसाला माशीसारखं झटकायचं?" आता त्या ॲपवर दोघांनी होकार दिल्याशिवाय निरोप पाठवता येत नव्हता. मग या महाभागाने काय करावं? नीट नकार कळवता यावा म्हणून त्याने दिसेल तिला होकार द्यायला सुरुवात केली. एका आठवड्यात अकरा जणींशी जुळलं, आणि अकराही जणींना त्याने शुद्ध इंग्रजीत कळवलं की, आपल्याबद्दल पूर्ण आदर आहे, परंतु आपल्या पत्रिका जुळत नाहीत, क्षमस्व. मी कपाळावर हात मारला. दहा जणींनी त्याला ब्लॉक केलं. अकरावीने मात्र फोन नंबर मागून घेतला आणि फोन करून झाडलं, "यू सेड येस टू मी, जस्ट टू से नो?"

ही नोबल पार्कला राहणारी, शाळेत गणित शिकवणारी बाई. मूळची ग्रीक, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, आणि चिडण्यात आमच्या माणसाच्या तोडीस तोड. पहिला फोन भांडणाचा, दुसरा त्या भांडणात राहून गेलेल्या मुद्द्यांचा. नोबल पार्क पाच किलोमीटरच्या आत होतं आणि दोघांनी मिळून चालायला परवानगी होती, त्यामुळे तिसरं भांडण पार्कात समोरासमोर झालं. हा थर्मासमधून आल्याचा चहा न्यायचा. तिने पत्रिका म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि त्यात गणिताच्या किती चुका आहेत ते त्याला ऐकवलं. सहा आठवडे माझ्या फोनला शांतता होती. मला हायसं वाटायला हवं होतं, पण संध्याकाळ झाली की मीच फोनकडे बघायचो.

मग सरकारने एकट्या राहणाऱ्यांना एक सवलत दिली. कुणीही एकच माणूस निवडायचा, त्याने घरी आलेलं चालेल. त्याला सगळे बबल म्हणायचे. याने तिला निरोप लिहिला, पाठवण्याआधी मला वाचून दाखवला, सहीसकट. माझी बबल होशील का? एवढंच, पण दीड पानात.

एक दिवस उत्तर नाही. दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "हो म्हण, नाही म्हण, पण कळव ना!" तो म्हणाला. वाक्य नेहमीचंच होतं, पण आवाज चढला नव्हता. इतक्या वर्षांत त्याचा न चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला आणि मला भीती वाटली. माझी बायको त्या बाईवर अशी भडकली की तिने दोनदा भाजीत तिखट घातलं.

चौथ्या दिवशी तिचं उत्तर आलं. त्याने ते जसंच्या तसं मला पाठवून दिलं. तिची थोरली बहीण एकटीच राहते, ती घाबरलेली आहे आणि आपल्याला एकच माणूस निवडता येतो, असं तिने लिहिलं होतं. पण ते सगळं खाली. सर्वांत वर, पहिल्या ओळीत, तिने त्याच्याकडून शिकलेले तीन मराठी शब्द लिहिले होते. पत्रिका जुळत नाही.

त्या रविवारी त्याचा बबल म्हणून मी गेलो. बबलला पाच किलोमीटरची अट नव्हती. त्याने कांदेपोहे करून ठेवले होते. मी त्या बाईवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली, तर तो माझ्यावरच खवळला. "तिला काही बोलायचं नाही! तीन दिवस विचार केला तिने. आणि कारण लिहून कळवलं."

"अरे, पण तिच्याकडे पत्रिका कुठे आहे?"

"माहीत आहे मला," तो म्हणाला, आणि माझ्यापुढे बशी सरकवली. "पोहे कसे झालेत ते सांग. उगाच छान म्हणू नकोस."

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

त्याने समाधानाने मान डोलावली आणि मीठ आणायला उठला. ओट्याजवळ बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. मीठ समोरच होतं. तेव्हापासून त्याचा फोन मी एकदाही नुसता वाजू दिलेला नाही.