शेठची गाडी, बाबांची बंडी

माझ्या भावाने ती मोठी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा मला विचारलं नाही. मुद्दामच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पहिला प्रश्न केला असता, "विकणारा विकून काऊन राह्यला?" आणि त्या प्रश्नाला तो घाबरत होता. माझी उभी नोकरी तहसील कचेरीत गेली. माणूस अर्जी घेऊन समोर आला की मी आधी अर्जी नाही, त्याचं तोंड वाचायची. घरचे मला मागून 'चौकशी खातं' म्हणतात. म्हणोत बापडे. चौकशी खात्यामुळेच या घरात अजून कोणी फसलेलं नाही.

भाऊ माझ्याहून लहान, दातांचा डॉक्टर. आदिलाबादला त्याचा दवाखाना आहे आणि दर शनिवारी तो निर्मलला जाऊन तिथले पेशंट बघतो. भावजयीचं माहेर निर्मलचं, म्हणून दोन्ही पोरीही सोबत असतात. शनिवारी घाट उतरायचा, रविवारी संध्याकाळी चढायचा. जुनी गाडी हे सगळं मुकाट्याने करत होती. पण याच्या डोक्यात एक परदेशी बनावटीची गाडी शिरली होती. काळी, उंच, चाकांच्या आत लाल ब्रेक दिसतात ती. बटण दाबलं की असा आवाज काढते की शेजारची कुत्री उठून उभी राहतात. चार सेकंदांत म्हणे शंभरचा वेग.

मी म्हटलं, "चार सेकंदांत शंभरला जाऊन करशील काय? मावला गावापाशी म्हशी रस्त्यात बसून असतात."

"ताई, तुले नाही समजत," तो म्हणाला.

नाही समजत तर नाही. पण गाडी कोणाची हे मला लगेच समजलं. गाडी छोट्या शेठची होती. आमची शेती भीमपूरकडे. कापूस निघाला की दरवर्षी ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात जायचा, त्या जिनिंगच्या मोठ्या शेठचा हा मुलगा. मोठे शेठ केव्हाच गेले. याचंही डोकं पांढरं झालं, पण गाव त्याला अजून छोटे शेठच म्हणतं. दात दाखवायला म्हणून तो भावाच्या खुर्चीत बसला आणि तिथेच, अर्धं तोंड बधिर असताना, म्हणाला की गाडी द्यायची आहे, घरच्या माणसाला द्यायची आहे. दात दुखत असताना माणूस खोटं बोलत नाही, असं भावाचं मत. मी म्हटलं, अरे, भूल दिल्यावर ज्याची जीभच जागेवर नाही त्याच्या शब्दावर तू गाडी घेतोस का?

बरं, शेठने किंमत सांगितली आणि भावाने तोंड उघडायच्या आत स्वतःच खाली आणली. ते ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या घराने आयुष्यभर एका मणामागे हुज्जत घातली, ते घर मागितल्याशिवाय किंमत कमी करतं? शिवाय गाडी वर्षभर हैदराबादच्या त्यांच्या अपार्टमेंटखाली सेलरमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये असायची, ती गेल्या महिन्यात अचानक इथे जिनिंगच्या शेडमध्ये आणून झाकून ठेवली होती. हैदराबादेत गिऱ्हाइकं नाहीत का? तिथे तर अशा गाड्यांचा बाजार भरतो. आदिलाबादेत कोण घेणार, हा आमचा शहाणा सोडून?

"मेकॅनिकला दाखवली?" मी विचारलं.

त्याने असं बघितलं जसं मी देवळात चप्पल घालून गेले. "ताई, शेठच्या गाडीला मेकॅनिक लावू? बाबांचे संबंध आहेत. काय म्हणतील ते?"

ही आमच्या लोकांची जुनी खोड. अनोळखी बाईकडून पावशेर मिरच्या घेताना ढीग तळापासून उपसतील, आणि ओळखीच्या माणसाकडून घर घेताना मागचं दार उघडून बघायची लाज वाटेल. संबंध आहेत ना! मी म्हटलं, पुरे झालं तुझं संबंधपुराण. पोरी बसणार आहेत तिच्यात, घाटातून जाणार आहेत. तर मलाच म्हणाला, "तू येऊ नको बरं का उद्या. बाबांना नेतो मी फक्त."

खरं कारण ते होतं, बाबांना नेणं. ते मला आधीपासून माहीत होतं, म्हणून मी जास्त बोललेही नाही.

आम्ही लहान असताना दिवाळीनंतर बाबा कापसाने भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन जिनिंगला जायचे. सुट्टी असली की आम्ही दोघं वर कापसात बसून जायचो. गेटाबाहेर उन्हात बंड्यांची रांग लागायची. मग मोठे शेठ यायचे, पांढरी बाही वर सारायचे आणि कापसात हात खुपसायचे. कोपरापर्यंत. वरचा कापूस कोणीही चांगलाच ठेवतो, पाणी मारलेलं असलं तर ते मधल्या थरात असतं, कारण ओला कापूस वजनाला भरतो. शेठ डोळे मिटून आत चाचपायचे, काही बोलायचे नाहीत, हात बाहेर काढून मुनिमाला नुसती बोटं दाखवायचे. तेवढं वजन कापलं जायचं. त्या वेळी बाबा आमच्याकडे बघत नसत. गेटाजवळ एक कडुनिंब होता, त्याच्याकडे मान फिरवून उभे राहत. मला त्या पांढऱ्या बाहीचा इतका राग यायचा की वाटायचं, चावावं त्या हाताला.

घरी आल्यावर आई म्हणायची, तुमच्या बाबांचा कापूस हाडासारखा सुका असतो, मेला तो शेठ उगाच कापतो. पुढे आई गेली, मग ही गोष्ट आम्ही सांगायला लागलो. माझ्या भाच्यांनाही पाठ आहे. आजोबांनी आयुष्यात कधी कोणाला फसवलं नाही. बाबा ऐकायचे आणि सुपारी कातरत राहायचे.

तर ज्या गेटाशी बाप मान फिरवून उभा राहिला, त्याच गेटातून त्याला शेठच्याच गाडीत बसवून बाहेर काढायचं, हे भावाचं स्वप्न. मला कळत होतं हो. मलाही ते बघायचंच होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि न बोलावता त्याच्या गाडीत मागे जाऊन बसले. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आलं चौकशी खातं."

जिनिंगमध्ये कापसाचे दिवस होते. आता बंड्या नाहीत, ट्रॅक्टर आणि पिकअप उभे असतात, ओल मोजायला मशीन आहे. हवेत तशीच रुई उडत होती. कडुनिंबही होता. छोट्या शेठने बाबांच्या पायाला हात लावला, चहा मागवला, समोसे मागवले. "तुमी आमचे घरचे," म्हणाला. घरचे! बाबांना या आवारात कधी कोणी पाणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मग शेडमधली ताडपत्री निघाली. खोटं कशाला बोलू, गाडी देखणी होती. भाऊ तर तिच्याभोवती असा फिरू लागला की मला हसू आलं आणि दयाही आली. त्याने मागचं दार उघडलं, बाबांना हाताला धरून आत बसवलं. बाबा ऐंशीच्या पुढचे, अंगाने वाळलेले. त्या सीटमध्ये पार बुडून गेले. धोतर सावरलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पाहुण्यासारखे बसून राहिले. भावाने मोबाईलवर फोटो काढला. त्याचे डोळे भरून आले होते.

आणि मला वास आला. अत्तराचा. एक नाही, तीन-तीन डब्या लावलेल्या होत्या आत. लग्नघरात जातोय की गाडीत, कळेना. कचेरीत एवढं अत्तर लावून आलेल्या माणसाची अर्जी मी आधी बाजूला ठेवायची.

मी बाबांच्या शेजारचं दार उघडलं आणि खाली वाकले. पायाखालची जाड चटई उचलली. तिच्याखालचा कार्पेट कोरा करकरीत. गाडी चार वर्षांची आणि कार्पेट कालचा? दाराजवळ त्याची कड जरा सुटलेली होती. मी बोटं घातली. सुकं होतं. मनगटापर्यंत हात घातला. सुकंच.

"ताई!" भाऊ ओरडला. "काय करून राह्यली? ऊठ!"

छोटे शेठ हसले. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. "घालू द्या ना डॉक्टरसाब. आमचे वडीलही घालायचे यांच्या बंडीत." मग जरा थांबून, चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "दरसाल ओलाच निघायचा. पण वडील चार लोकांत कधी बोलले नाहीत. मुनिमाला फक्त बोटं दाखवायचे. संबंध होते ना."

माझा हात जिथे होता तिथेच राहिला. मला इतका संताप आला की कानात आवाज यायला लागला. मला लगेच कळलं, हा माणूस माझा हात अडवतोय. आम्हाला लाजवून अडवतोय. खोटारडा! मी बाबांकडे पाहिलं. म्हटलं आता हे बोलतील. एवढंच म्हणतील की शेठ, तोंड सांभाळा. पुढचं मी बघून घेते.

बाबांनी मान फिरवली होती. काचेतून कडुनिंबाकडे बघत होते.

काय सांगू तेव्हा काय झालं मला. त्या क्षणी मला तो कार्पेट नको होता, ती गाडी नको होती, फक्त हात बाहेर काढून घरी जायचं होतं. मी हात ओढायला लागलेही. छोट्या शेठने पुन्हा कप उचलला.

"बाई," बाबा म्हणाले. मान तशीच, बाहेर. "हात काऊन काढून राह्यली?"

मी हात ओढता ओढता थांबले.

"मनगटाले काई समजत नाई. कोपरापर्यंत घाल."

मी जमिनीवर गुडघे टेकले, खांदा दाराला लावला आणि पुढच्या सीटच्या खाली, जिथे नवा कार्पेट पोचला नव्हता तिथवर हात सारला. आधी फोम लागला, थंड. मग ओल. मग बोटांना काहीतरी मऊ, रवाळ लागलं. मी मूठभर बाहेर काढलं. काळा गाळ होता, नदीकाठचा असतो तसा, आणि अत्तराखाली दबलेला तो कुजकट वास. पावसाळ्यात हैदराबाद तुंबतं, तेव्हा गाडी त्या सेलरमध्ये पुरती पाण्यात बुडाली होती. ब्रेकच्या, एअरबॅगच्या साऱ्या वायरी तिथूनच गेलेल्या असतात, हे मागाहून भावानेच मला सांगितलं. अशी गाडी महिनाभर गुण्यागोविंदाने चालते आणि मग एखाद्या वळणावर ऐकेनाशी होते.

छोटे शेठ म्हणाले, "ड्रायव्हरने सांगितलं नाही मला," आणि फोन आला नसताना फोन कानाला लावून शेडबाहेर गेले. मी मूठ त्यांच्या बशीत रिकामी केली. समोशाशेजारी. तेवढं केल्याशिवाय मला राहवलं नाही.

भावाने बाबांना उतरवून घेतलं. गेटाजवळच्या नळावर मी हात धुतला, कोपरापर्यंत धुतला. मग तिघं जुन्या गाडीत येऊन बसलो. भावाने चावी लावली, पण फिरवली नाही. मग बाबा बोलले, समोर बघत.

"एक साल एकदम सुका नेला होता मी. तुमची माय सांगे तसा. तरी त्यानं हात घातला आन् ओल्याइतकंच कापलं. मंग पुढच्या सालापासून मीबी पाणी मारलं. सारेच मारत."

भाऊ म्हणाला, "बाबा, तुमी नुसतं नाही म्हणून टाकलं असतं. आमी तुमचंच खरं मानलं असतं. त्याचं कोण ऐकत होतं?"

"मंग भांडण कापसावर गेलं असतं आन् बाईनं हात काढला असता."

"काढला असता तर काढला असता. एवढ्या वर्षांची गोष्ट, चार लोकांत कशाला..."

बाबांनी खिशातला अडकित्ता काढला, पुन्हा आत ठेवला.

"ओल्या कापसानं कोणी मरत नाई, बाबू," ते म्हणाले. "त्या गाडीत तुया पोरी बसल्या असत्या."