माळवदावरची माती

नवरा गेला त्याच उन्हाळ्यात धाकट्या दिरांनी आमच्या सेलूच्या घराचं मातीचं माळवद उतरवून स्लॅब टाकायचं ठरवलं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. तेही त्यांनी खटपट करून मिळवलं. मी हो म्हणाले. त्या दिवसांत कुणी काहीही विचारलं तरी मी हो म्हणत होते.

गवंडी माप घ्यायला आला तेव्हा भर दुपार होती आणि मी मशीनवर ब्लाउज शिवत होते. समोरची शेजारीण लेकरांना घेऊन आमच्याकडे बसली होती. तिच्या घरावर नवा स्लॅब झाल्यापासून ती दुपारची रोजच यायची.

"तुमीच टाकला ना आमचा स्लॅब?" ती गवंड्याला म्हणाली. "या एकदा दुपारी जेवायला. भाकर तव्याबिगर भाजायलीय."

गवंडी हसला. मला हसू आलं नाही, पण मशीनवरचा पाय थांबला. दोन मुली होत्या आणि शिवणाशिवाय घरात दुसरी मिळकत नव्हती. दुपारी या खोलीत बसता आलं नाही, तर निम्मं काम बुडणार होतं.

संध्याकाळी दिरांना म्हटलं, "भावजी, स्लॅब नको."

"वहिनी, दरसाल माती टाकायला वर कोण चढणार हाय?"

"मी."

"बाईमाणूस माळवदावर? लोकं माझ्या तोंडात शेण घालतील."

"घालू द्या. सिमेंट तुमच्या घराला लावा."

ते रागावून गेले, तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीभर माती पाठवली. शेतातली, काळी. हे काम कायम थोरल्या भावानं, माझ्या नवऱ्यानं केलेलं; कुठली माती लागते ते त्यांना माहीत नव्हतं. काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते. माळवदाला गावाबाहेरच्या टेकाडावरची पांढरी लागते. मी गाडी तशीच परत फिरवली.

"मालकांना काय सांगू?" गाडीवानानं विचारलं.

"वांगी लावा म्हणावं."

पांढरी आली तेव्हा पदर खोचून वर चढले. शेजारीण खालून पाट्या देत होती. येणारे-जाणारे थांबून बघत होते. उन्हाळ्यात नवरा तिथंच झोपायचा. वर गेल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पन्हळीकडे उतार काढत माती पसरली आणि चोपण्यानं चोपली.

आषाढात एका कोपऱ्यात गळलं. तिथला उतार चुकला होता. उघडीप मिळाल्यावर वर जाऊन माती ओढली, पुन्हा चोपली. खाली येऊन हात धुतले आणि राहिलेली बाही लावायला बसले.