कुसाका काकांनी न मारलेला शिक्का

कुसाका काका मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. जपानमधल्या साकाता शहराच्या बाजारगल्लीत, आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो विकणाऱ्या दुकानाला लागून, त्यांनी एका लांबट खोलीत बारा व्हिडिओ गेमची मशीनं लावली आणि दारावर ‘होशिमी’ अशी पाटी ठोकली. रोज सकाळी ते प्रत्येक मशीनची दांडी हलवून कान देऊन ऐकायचे. ‘टिक्’ मनासारखी वाजली नाही, तर गिऱ्हाईक कितीही ताटकळो, ते मशीन बंद. आम्ही पोरं शाळा सुटली की तिथेच. आपलं नाणं संपलं की दुसऱ्याच्या पाठीशी उभं राहून बघायचं. तेही तितकंच गोड लागायचं.

मी सोळा वर्षांचा होतो. अवकाशयानाच्या मशीनवर दुकानात सगळ्यात मोठा आकडा माझा होता. शहाऐंशी सालच्या त्या हिवाळ्यात तोगाशी चिझुरु आली, आणि दोन महिन्यांत माझा आकडा मागे पडला.

ती एकोणीस वर्षांची. बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात म्हाकुळं साफ करायची आणि पाळी सुटली की रबरी बूट घालूनच यायची.

“आली रे म्हाकूळवाली! नाकं धरा!” पोरं ओरडायची. त्यात मीही असायचो.

“गप्प बसा रे,” काका म्हणायचे. “आधी तिच्याएवढं खेळून दाखवा, मग नाकं धरा.”

तेव्हा एक मासिक देशभरातले सर्वोच्च आकडे छापायचं. आकडा पाठवताना अर्जावर दुकानदाराचा शिक्का लागे. शिक्क्याचा अर्थ एवढाच, की हा डाव एकाच माणसाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळला. काही ठिकाणी दोघं-तिघं आळीपाळीने खेळून एकाच्या नावावर आकडा लावत. काकांना त्याची चीड होती.

फेब्रुवारीतली दुपार. बाहेर बर्फ पडत होतं. दुकानात आम्ही तिघंच. चिझुरु एका नाण्यावर तासभर खेळत होती आणि काका पहिल्यापासून तिच्या मागे उभे होते. तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. काकांची बायको इस्पितळात होती.

“ओबाता, बघ रे जरा,” मला एवढं सांगून ते आत पळाले.

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. असा खेळ मी जन्मात पाहिला नव्हता. आकडा नऊ-नऊ-नऊ करत टोकाला पोचला आणि थांबला, कारण त्याच्या पुढे मोजायची मशीनची ऐपतच नव्हती. ती ओरडली नाही. नुसते हात मांडीवर ठेवून बसली. मी हळूच शेजारच्या मशीनकडे सरकलो.

दहा मिनिटांनी काका बाहेर आले. चेहरा उतरलेला.

“काका, झालं,” ती म्हणाली.

काकांनी काचेवरचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे वळले. “शेवटपर्यंत हीच खेळली ना रे? मधे कोणी आलं नाही?”

“मी नव्हतो बघत,” मी म्हणालो. “मी इकडे खेळत होतो.”

एवढंच. तीन शब्द वेगळे बोललो असतो तरी पुरलं असतं.

काकांनी खणातून शिक्का काढला. बराच वेळ हातात धरला आणि परत ठेवला. “पोरी, मी जे पाहिलं नाही, त्यावर माझं नाव कसं घालू? उद्या ये. मी इथून हलणार नाही.”

“असं रोज होतं, असं वाटतं तुम्हाला?” ती म्हणाली, आणि कोट घालून गेली. पुन्हा आली नाही.

तेहतीस वर्षं गेली. काकांची बायको वारली, गल्लीतली निम्मी दुकानं बंद झाली, घराघरात खेळायची यंत्रं आली. ‘होशिमी’ मात्र टिकलं. दूरदूरहून टक्कल पडलेली माणसं त्या जुन्या मशीनांसाठी यायची आणि दांडी हातात आली की त्यांचे चेहरे दहा वर्षांचे व्हायचे. मीही दर शनिवारी जायचो. एकदा अशाच एका पाहुण्याने काकांना विचारलं, इथला सगळ्यात चांगला खेळाडू कोण?

“एक मुलगी होती,” काका म्हणाले. “ती खरी होती की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. तेच खातं मला.”

पाहुणा गेल्यावर मी सगळं सांगितलं. काका फडकं घेऊन चिझुरु खेळायची त्या मशीनपाशी गेले. हातातल्या फडक्याने तीच काच पुसत राहिले. मग म्हणाले, “ती कुठे असते, शोध.”

कारखान्यातल्या जुन्या बायकांकडून पत्ता लागला. शेजारच्या त्सुरुओका गावात ती कपडे शिवायची. एक्याऐंशी वर्षांचे काका ठेवणीतला काळा सूट घालून माझ्याबरोबर तिच्या घरी आले, शिक्का मारलेला अर्ज तिच्यापुढे ठेवला आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

“अहो काका, उठा. गुडघे धरतील,” ती म्हणाली. “ते मासिक बंद पडूनही युगं लोटली. आणि तुमचं काय चुकलं? न बघता शिक्का मारला असतात, तर त्याला किंमत काय राहिली असती?”

मग ती माझ्याकडे वळली. “तू मात्र बघत होतास. काचेत दिसत होतास मला. शेवटी श्वास रोखून उभा होतास.”

मी विचारलं, “ताई, मग तेव्हाच का नाही बोललात?”

“वाटलं, तू बोलशील.”

काकांनी विचारलं, “आता खेळतेस का गं?”

“नाही. मुलगा घरी खेळायला लागला की मी उठून बाहेर जायचे.”

“मशीन अजून चालू आहे. एकदा ये.”

“बघू,” ती म्हणाली आणि चहा ओतायला लागली.

काका वाट बघत राहिले. दाराची घंटा वाजली की मान वळायची. मार्चमध्ये ते गेले. पुतण्याने दुकान रिकामं केलं, मशीनं ओसाकाच्या एका शौकिनाने नेली. मी चिझुरुताईंना फोन करून कळवलं.

“मी आले होते रे एकदा,” ती म्हणाली. “नोव्हेंबरात, शनिवारी. दारापर्यंत. बाहेर आवाज ऐकू येत होते.”

“मग आत का नाही आलात? काका रोज...”

“काचेतून पाहिलं. तू होतास आत.”