लोहाऱ्याच्या भट्टीतला कापूस

यवतमाळला उतरलो तेव्हा शेतं कापसानं पांढरी झाली होती आणि चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे कापसाच्या भावाला शिव्या घालत होते. जिनिंग (सरकी काढायचे कारखाने) एकेक बंद पडत होते. माझी मावसबहीण शैला, रसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत बॅटरीची भुकटी बनवते म्हणे. म्हटलं, बाईंना साठीत भलतंच खूळ लागलंय!

शेडमध्ये शिरलो आणि हबकलोच. तिचे एकुलते एक कामगार वासुदेवभाऊ क्षारांच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कापूस चक्क भट्टीत सारत होते.

"अगं, कापूस जाळतेस?"

"जळू दे रे दादा. कापूस जातो, क्षारांतलं लिथियम आणि मँगनीज उरतं. धाग्यांमुळे कण इतके बारीक राहतात की डोळ्यांना दिसायचे नाहीत. बॅटरीच्या धन टोकाला तेच लागतात. बारीक कण, झटपट चार्जिंग!"

दुसऱ्या दिवशी या भुकटीचा नमुना मीच पुण्याच्या कंपनीत नेणार होतो. पसंत पडला तर शेड चालणार, नाहीतर कुलूप. जिनिंग बंद पडल्यावर वासुदेवभाऊंना हीच नोकरी मिळाली होती.

भट्टी चालू असताना त्यांच्या डब्यातली भाकर आणि ठेचा खाल्ला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पानी नका पिऊ साहेब, गूळ खा," ते हसत म्हणाले.

भट्टी निवल्यावर शैलानं कापूस भरलेली मूस बाहेर काढली. आत भुकटी नव्हती, काळं ढेकूळ होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"भाऊ, दाबून भरला काय?"

"हाव ना ताई, चांगला ठासून. तीस वर्स कापसाच्या गाठी बांधल्या म्या. ढिला कापूस मले पाहवत नाई."

हवा आत शिरलीच नव्हती. कणाला कण चिकटून दगड झाला होता. क्षार संपलेले, मुदत उद्याची. शैला मात्र चिडली नाही, याचा मला जास्त धक्का बसला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आयुष्यभर वर्गात शिकवलं आणि यांना 'मोकळा भरा' एवढं सांगायचं राहिलं."

सकाळी बसपर्यंत वासुदेवभाऊ माझी बॅग घेऊन आले.

"साहेब, कंपनीले सांगा, हात माहे चुकले. ताईचं काम बरोबर हाय. तिले अजून एक डाव द्या म्हना."

पुण्यात मी तसंच सांगितलं. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुदत संपल्याचं कळवलं. महिन्याभरात शेड बंद झाली. ज्या हातांनी तीस वर्षांत एक गाठ सैल बांधली नाही, त्या हातांच्या कसबापायीच शेडला कुलूप लागलं, हे मला अजूनही पटत नाही.