ओटीत घातलेली लेक

आमच्या आळीत मी एकटीच वकील, आणि तीही बाई. त्यामुळे संध्याकाळी कोर्टातून येऊन पाय धुते न धुते तोच दारात कोणीतरी उभं असायचं. घरमालक पाणी तोडू शकतो का, लेकीला बापाच्या घरात हिस्सा मिळतो का, नवऱ्यानं टाकलं तर पोटगी कुठे मागायची. खरं तर कायदा कोणालाच ऐकायचा नसे. आपण मनात ठरवलेलं माझ्या तोंडून ऐकलं की झालं. याचा मला भयंकर संताप यायचा. यांना चहाही पाजायचा आणि वर यांच्या मनासारखं बोलायचं!

शेजारच्या काकूंनी मात्र कधी काही विचारलं नव्हतं. काका गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानात नोकरीला. घरात दोघं आणि शाळेत जाणारी एक लेक. पोर मुळात काकूंच्या धाकट्या बहिणीची, हे आख्ख्या आळीला ठाऊक होतं. पोरीलाही ठाऊक होतं. ती काकूंना आई म्हणायची आणि कुही गावच्या सख्ख्या आईला मावशी.

ती मावशी त्या उन्हाळ्यात बाळंतपणात गेली. तेराव्याला कुहीला गेलेल्या काकू परत आल्या त्या थेट माझ्याकडे. बहिणीच्या नवऱ्याला त्या जवाई म्हणायच्या.

"जवाई म्हणून राहिले, पोरीले घेऊन जातो. तिची आजी आंधळी, लेकरू एवढंसं. घर कोण पाहीन म्हणते. काहून वं, दत्तकाचा कागद लागते का? आमच्यापाशी तं काहीच नाही."

"कागद लागतोच असं नाही, काकू. मूल हातानं दिलं आणि हातानं घेतलं, हे झालं पाहिजे."

काकूंचा चेहरा एकदम उजळला. "मंग झालं तं! तू होती न तिथं!"

होते ना. तेव्हा मी कॉलेजात होते. पोरीच्या बारशाला आई मलाही कुहीला घेऊन गेली होती. आतल्या खोलीत नुसत्या बाया. कोणीतरी काकूंच्या ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला, आणि मग बहिणीनं पाळण्यातून बाळ उचलून त्यांच्या ओटीत ठेवलं. "माही होती, ते तुही झाली वं बाई," एवढंच म्हणाली ती. बाया रडल्या, मीही रडले. इतकं खरं देणं मी नंतर कोर्टात वर्षानुवर्षं उभी राहूनही पाहिलं नाही.

आणि ते तेव्हाच्या कायद्यात बसत नव्हतं. काकूंना ते सांगावं लागलं. बाप असताना आई एकटी मूल देऊ शकत नाही. बापानं द्यायचं, आईनं संमती द्यायची. घेणाराही नवराच, बायकोनं फक्त हो म्हणायचं. त्या दिवशी देणारा बाप बाहेर मांडवात बुंदी वाढत होता आणि घेणारे काका पंगतीत बसून ती खात होते.

"बारशात माणसं कायले येतीन वं?" काकू म्हणाल्या.

बापाला सगळं माहीत होतं, त्यानं कधी हरकत घेतली नव्हती, दर सुगीला लेकीसाठी नवे तांदूळ आणून द्यायचा. पण माहीत असणं म्हणजे देणं नव्हे. मी म्हटलं, कोर्टात जाऊ, न्यायाधीश पोरीचं भलं पाहतात, तिलाही विचारतील. जिंकूच असं नाही, पण भांडू. काकूंमागून आलेले काका इतका वेळ भिंतीला टेकून होते. ते म्हणाले, "मेलेल्या सायीच्या, हिच्या बहिनीच्या, घरावर केस करू का मी? तिच्या लेकराचे हाल करू?" काकूंनी पदर तोंडाला लावला.

जावई आला. मी त्याचा राग राग करायचं ठरवलं होतं, तेही जमलं नाही. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पाणीसुद्धा न पिता त्यानं मला सर्वांसमोर विचारलं, "बाई, तुम्ही कायद्याच्या. सांगा, पोरगी कोनाची?"

"कायद्यानं तुमची," मी म्हटलं. माझ्याच आवाजाची मला किळस आली.

पोर दप्तर घेऊन दाराशी उभी होती. कुहीला शाळा आहे ना, हे तिनं सकाळपासून सगळ्यांना विचारून झालं होतं. तिचा बाप पिशवी उचलायला वाकला, तशा काकू पुढे झाल्या.

"थांबा जवाईबापू. आमच्या वेळी चुकलं म्हणते हे वकीलबाई. हातानं द्या लागते."

त्यांनी पोरीचा हात धरला आणि त्याच्या हातात ठेवला. तो खाली बघून रडायला लागला. काकूंनी वळून मला विचारलं, "आता झालं न वं बरोबर, कायद्यानं?"

कायद्यानं ती त्यांची कधी नव्हतीच. जे त्यांचं नव्हतं, ते त्यांना देताही येत नव्हतं.

"झालं, काकू," मी म्हटलं.